सायकल येते, रस्ता शिकवावा लागतो

दिवाळीच्या सुट्टीचे चार दिवस उरले होते. दुपारी जेवता जेवता आमच्या कन्येने जाहीर केले, "आई, सोमवारपासून मी शाळेत सायकलवर जाणार." वय वर्षे साडेआठ. फलटणमधल्या आमच्या घरापासून शाळा सव्वा किलोमीटरवर, मध्ये एक नाका, एस.टी.चा रस्ता, आणि नेमका गाळप हंगाम सुरू झालेला. मी ताट उचलता उचलता "अजिबात नाही" म्हणून मोकळी झाले.

या नकाराला कारण होते. आदल्याच आठवड्यात दवाखान्यात एक दहा वर्षांचा मुलगा आला होता. सकाळी गल्लीत सायकलवरून पडला, उठला, घरी गेला आणि खेळायलाही लागला. दुपारी पोटात दुखते म्हणाला, तेव्हा आजीने लिंबाचे सरबत दिले. तेही उलटून पडले. संध्याकाळी माझ्यासमोर आणला तेव्हा कोठे खरचटलेले नाही, रक्त नाही. फक्त बेंबीच्या वर रुपयाएवढा गोल लालसर व्रण. हँडलच्या टोकाचा! त्या हँडलची रबरी मूठ केव्हाच निघून गेली होती आणि उघडी नळी तेवढी राहिली होती.

सायकल पडताना पुढचे चाक वळते, हँडल आडवे होते आणि त्याचे एक टोक भाल्यासारखे पोटाकडे येते. मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ असतात. मार एवढ्याशा जागेवर बसतो आणि आतले स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा वरचा भाग पाठीच्या कण्यावर चेपला जातो. प्लीहा आणि यकृत यांनाही इजा होऊ शकते. बाहेरून काही दिसत नाही आणि त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. त्या मुलाला मी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. स्वादुपिंडाला मार होता. शस्त्रक्रिया लागली नाही, पण दोन आठवडे सलाईनवर काढावे लागले. म्हणून आधीच सांगून ठेवते. मूल सायकलवरून पडून हँडल पोटात लागले असेल, आणि नंतर उलटी झाली, पोटदुखी वाढत गेली, खांद्यात दुखू लागले किंवा चेहरा पांढरा पडला, तर काही खायला-प्यायला न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. "पडलो होतो" हे मुले रागावतील या भीतीने सांगत नाहीत. ते आपण विचारायचे.

तर असे डोळ्यांसमोर असताना "नाही" म्हटले. पण रात्री विचार करताना माझेच मला पटेना. मी स्वतः सायकल शिकले ती तासाने भाड्याच्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, कैची मारत. गुडघे फोडून घेतले, दोनदा उकिरड्यात गेले, पण शिकले. तेव्हा रस्त्यावर दिवसातून चार एस.टी. आणि एखादी जीप. आज तोच रस्ता ओलांडताना मलाच धडधडते. मग काय, मुलांनी सायकल सोडावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या किती मुलांची होते? हेच पालक पुढे तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देतात. वास्तविक २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्याबद्दल पालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. असो.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितले, सोमवारी नाही, पण शिकवते. शिकवते म्हणजे सायकल नव्हे. तोल सांभाळणे तिला केव्हाच येत होते. (ज्यांच्या मुलांना येत नसेल त्यांनी बाजूची दोन छोटी चाके लावण्यापेक्षा काही दिवस दोन्ही पायडल काढून ठेवावीत, सीट खाली करावी आणि मुलाला पायांनी ढकलत घसरू द्यावे. तोल लवकर येतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात एवढे लक्षात ठेवा.) शिकवायचा होता तो रस्ता.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे डोळे आपल्यासारखेच असतात, पण समोरून येणारी गाडी किती वेगाने येत आहे हे मेंदूला कळायला वर्षे जावी लागतात. २०११ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारे वाहन जवळ येत आहे हे मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. आपल्या रस्त्यावर साठचा वेग सर्रास असतो. साठच्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे येते. मूल "येऊ दे, लांब आहे" असे म्हणेपर्यंत ती जवळ आलेली असते. शिवाय लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर. समोर मैत्रीण दिसली की बाकीचा रस्ता पुसला जातो. यात हट्टीपणा नाही की वेंधळेपणा नाही, वयच तसे असते. म्हणून दहा-अकरा वर्षांपर्यंत मोठ्या रस्त्यावर मुलाला एकटे सोडू नये असे माझे मत आहे, मग ते सायकल कितीही झोकात चालवत असो.

आधी सायकल तपासली. "वाढत्या अंगाची" म्हणून आपण कपडे घेतो तशी सायकल घेतो, ही मोठी चूक. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. आठ-नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांना २० इंची चाकाची सायकल पुरते. आमची २४ इंची होती, आतेभावाकडून आलेली. ती माळ्यावर गेली आणि वापरलेली २० इंची आणली. तिचे ब्रेक माझ्या हाताला ठीक वाटले, पण पोरीला दाबता येईनात! नव्या सायकलींचेही पुष्कळदा असेच असते. दुकानातच मुलाला ब्रेक दाबायला लावा आणि सायकल पुढे ढकलून पाहा. चाक फिरले तर मिस्त्रींकडून तार आणि लिव्हर नीट करून घ्या. हँडलच्या मुठींची टोके बंद आणि घट्ट हवीत, हे आता वेगळे सांगायला नको. पाण्याची बाटली आणि दप्तर हँडलला अडकवायचे नाही. पिशवी चाकात जाते. ओढणी, लांब नाडी, सुटलेला बुटाचा बंद यांचेही तेच. आणि धाकट्या भावंडाला डबलसीट मुळीच नाही. मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकाच्या तारांत जाऊन टाचेची कातडी सोलून निघालेली मी वर्षातून दोन-तीनदा तरी पाहते. ती जखम भरायला महिने लागतात.

हेल्मेटवरून घरात थोडी चर्चा झाली. यजमान म्हणाले, "गल्लीत कोण घालते?" सासूबाई म्हणाल्या, "पोरगी क्रिकेटला निघालीय का?" पण जगभरातले चाळीस अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हेल्मेट घालणाऱ्या सायकलस्वारांत डोक्याला गंभीर इजा होण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने कमी आढळले. मोटारसायकलचे हेल्मेट नको. त्याचे वजन मुलाच्या मानेला झेपत नाही आणि कानही झाकले जातात. सायकलचे हलके हेल्मेट घ्यावे. ते कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटे बसावे, मागे टोपीसारखे घसरू नये, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटे जेमतेम जावीत. एकदा जोरात आपटले की वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. सायकलवरून उतरून झोपाळ्यावर किंवा झाडावर चढायचे असेल तर मात्र ते काढून ठेवायला सांगा. पट्टा अडकून गळफास बसू शकतो.

पहिले तीन आठवडे कॉलेजच्या मैदानावर गेले. कालव्याच्या भरावावरची वाट जवळ होती, झाडेही छान, पण एका बाजूला वाहते पाणी असताना शिकवणी नको. मैदानावर खडूने रेघा मारल्या. रेघेवरून सरळ जायचे, मी "थांब" म्हटले की रेघेच्या आत थांबायचे. दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू वाढवत. नुसता पुढचा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. ती एकदा गेलीच, पण मातीत. मग गल्ली. गल्लीत तिला बोलत सायकल चालवायला लावली. जे दिसेल ते मोठ्याने सांगायचे. "पांढरी गाडी उभी, आत काका बसलेत, दार उघडतील." "कुत्रे झोपलेय." "पुढे वाळू." उभ्या गाडीपासून तीन-चार फूट लांबून जायचे हे तिला त्यातूनच उमगले. मुलाला काय दिसते आणि काय सुटते, हे समजायला याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. आजकाल विजेवरच्या स्कूटर मागून बिनआवाज येतात, त्या तिला सुटत होत्या. म्हणजे नुसत्या कानांवर विसंबता येत नाही, मागे वळून पाहणे आलेच.

आणि इथेच माझ्याकडून चूक झाली. डिसेंबरातला रविवार, सकाळी सातला आम्ही प्रथमच मोठ्या रस्त्यावर निघालो. ती पुढे, मी मागे माझ्या सायकलवर. नाक्याच्या अलीकडे मागून दुधाचा टेम्पो येताना ऐकू आला आणि मी घाबरून ओरडले, "अगं सांभाळ!" आईची हाक ऐकून तिने वळून पाहिले. मान उजवीकडे वळली तसे हँडलही उजवीकडे वळले आणि ती सरळ रस्त्याच्या मध्यावर. टेम्पोवाल्याने ब्रेक लावला. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहून गेला. घरी येईपर्यंत माझे हात कापत होते. तिला वाटले, तिचेच चुकले.

चूक माझी होती. लहान मूल जिकडे पाहते तिकडे सायकल जाते. मान एकीकडे आणि हात सरळ, हे वेगळे शिकावे लागते, आणि मी ते शिकवलेच नव्हते. आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. मी मागे उभी राहून बोटे वर करायची, तिने रेघ न सोडता वळून पाहून किती बोटे ते सांगायचे. यालाच आणखी दोन आठवडे लागले. दुसरे म्हणजे आम्ही तीनच शब्द ठरवले: "डावीकडे", "हळू", "थांब". त्याखेरीज मागून काहीही ओरडायचे नाही, हा नियम तिच्यापेक्षा मलाच पाळायला जड गेला.

मागे राहण्याचीही पद्धत आहे. पालकाने मुलाच्या मागे, पण थोडे उजवीकडे, रस्त्याच्या मध्याच्या बाजूला राहावे. मागून येणाऱ्याला आधी आपण दिसतो आणि तो आपल्याला वळसा घालून जातो. मुलाने रस्त्याच्या अगदी कडेला जाऊ नये, दोन फूट आत राहावे. कडेचे डांबर तुटून साईडपट्टी खाली गेलेली असते. चाक खाली उतरलेच तर तिरके वर चढवू नये, थांबून सायकल उचलून घ्यावी. उजवीकडे वळायचे असेल तर मुलाने उतरावे, दोन्ही बाजू पाहून सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. यात कमीपणा नाही. उसाची ट्रॉली दिसली की आम्ही दोघी उतरून रस्त्याच्या खाली उभ्या राहतो. पहिली गेली म्हणून निघायचे नाही, तिच्यामागे दुसरी जोडलेली असते आणि वळणावर ती आतल्या बाजूने येते. दिवेलागणीनंतर सायकल नाही.

पडणे होतेच. खरचटलेल्या जागी हळद, कॉफी, खडू असे काही भरू नका. वाहत्या पाण्याने आणि साबणाने माती निघेपर्यंत धुवा. पाचव्या आणि दहाव्या वर्षीचे डोस वेळेवर झाले असतील तर प्रत्येक खरचटण्याला धनुर्वाताचे इंजेक्शन लागत नाही, लसीचे कार्ड घेऊन या म्हणजे सांगता येते. डोक्याला मार लागून मूल थोडा वेळ जरी बेशुद्ध झाले, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झोपाळले, विसंगत बोलू लागले, झटका आला किंवा कानानाकातून रक्त वा पाणी आले, तर घरी वाट पाहू नका.

संक्रांतीनंतर ती शाळेला सायकलवर जाऊ लागली. अजून मी मागे असते. दवाखाना त्यामुळे वीस मिनिटे उशिरा उघडतो, रुग्णांनी समजून घेतले आहे. परवा नाक्यावर उतरल्यावर ती मला म्हणाली, "आई, तुझ्या मागच्या ब्रेकचे रबर झिजलेय, आवाज येतो. आज मिस्त्रीकाकांकडे टाक." संध्याकाळी टाकली.