ब्रेकचे ‘तेल’ : कोणते घ्यावे, केव्हा बदलावे

कोकणात आपल्या वाडवडिलांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल गाळणाऱ्या त्या मंडळींना तेलाची पारख होती. आज त्यांचीच नातवंडे-पतवंडे इस्राएलमध्ये सात-आठ माणसांची मिनिव्हॅन चालवतात. पण तिच्या ब्रेकमध्ये कोणते ‘तेल’ आहे, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही. आम्हालाही देता येत नव्हते. ते कसे शिकलो, ते सांगतो.

एका उन्हाळ्यात मुलगा, सून आणि नातवंडे धरून आम्ही सात जण अरादहून मृत समुद्राकडे निघालो. अराद समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, तर मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीहून ४३० मीटरपेक्षाही खाली. म्हणजे हजार मीटरहून जास्त उतार, आणि तोही वळणावळणांचा. गाडी भरलेली, पाय सतत ब्रेकवर. अर्ध्याहून अधिक उतरल्यावर पेडल मऊ लागू लागले व एकदम खाली गेले. लहान गियर टाकून, पेडल पुन्हा पुन्हा दाबून व हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी कडेला थांबवली. तासाभराने पेडल पुन्हा पूर्वीसारखे कडक झाले! कोणालाही वाटावे की दोष गेला. तो गेलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुसाखमध्ये कळले की ब्रेकचे तेल सहा वर्षांत एकदाही बदललेले नाही.

असे का होते? पेडलचा जोर चाकापर्यंत नेण्याचे काम हे द्रव करते. द्रव दाबले तरी आकसत नाही, म्हणून जोर पोहोचतो. मात्र आपण ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ते तेल नव्हेच. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल जातीचे असते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटते, तसेच समजा. उतारावर ब्रेक तापले की त्या द्रवाला उकळी फुटते आणि वाफ होते. वाफ मात्र दाबली की आकसते, आणि पेडल रिकामे जाते. गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी होते, म्हणून दोष लपतो. थंड गाडी टेस्टमध्ये पास होते तीही याच कारणाने.

आता डब्यावरचे आकडे पाहू. प्रत्येक जातीला किमान किती अंशांपर्यंत उकळी फुटू नये, हे ठरलेले आहे. पहिला आकडा ताज्या द्रवाचा, दुसरा सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या द्रवाचा :

डॉट ३ : २०५ आणि १४० अंश सेल्सियस.
डॉट ४ : २३० आणि १५५ अंश.
डॉट ५.१ : २६० आणि १८० अंश.
डॉट ५ : आकडे ५.१ चेच, पण हे सिलिकोनचे. ते इतरांत मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या नेहमीच्या गाड्यांसाठी नाही.

मधल्या एका टिंबाने जात बदलते, हे ध्यानात ठेवा. ‘पाच म्हणजे चारापेक्षा चांगले’ असे समजून डॉट ५ आणू नये.

मग निवड कशी करावी? टाकीच्या झाकणावर व गाडीच्या पुस्तकात जे लिहिले आहे तेच घ्यावे. तेथे डॉट ४ असेल तर डॉट ३ कधीही घालू नये. डॉट ३ असेल तर डॉट ४ बहुधा चालते. तरी पुस्तक पाहावे. काही नव्या गाड्यांना खास पातळ जातीचे डॉट ४ लागते. तसा उल्लेख असल्यास तेच मागावे. दुकानात ‘नोझेल ब्लामिम’ म्हटले की समजतात. इंजिनचे तेल चुकूनही घालू नये. त्याने ब्रेकमधले रबर फुगून निकामी होते.

पुष्कळ कारखाने दर दोन वर्षांनी द्रव बदलण्यास सांगतात. नुसत्या रंगावरून त्यातले पाणी ओळखता येत नाही. मुसाखमध्ये तपासून घ्यावे. फोडलेला डबा पुढच्या वेळेसाठी राखू नये. टाकीतली पातळी उतरली तर नुसती भर घालून गप्प बसू नये. पॅड झिजले असतील किंवा कोठे गळती असेल. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उडतो.

शेवटी खंडाळ्याच्या घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांची शिकवण : ज्या गियरमध्ये घाट चढावा, त्याच गियरमध्ये उतरावा. आपली गाडी ऑटोमॅटिक असली तरी खालचा गियर निवडता येतो. आणि उतारावर पेडल एकदा जरी मऊ लागले, तरी निवल्यावर ‘बरे झाले’ म्हणून पुढे जाऊ नका. मागे आपलीच मुले बसलेली असतात.