चार्जर लावून झोपू नकोस

अगं, तू बनवलेल्या विमानाचा फोटो पाहिला. पंख सरळ आलेत, शेपटीचं कामही नेटकं झालंय. पण त्याच फोटोत मागे तुझी गादी दिसते, गादीवर चार्जर आणि चार्जरला लावलेली लिपो बॅटरी. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. रागावत नाहीये मी. विमानं सोड असं तर कधीच म्हणणार नाही. पण हे एकदा बसून नीट वाच.

तुझा तो तीन सेलचा पॅक हातात घे आणि आत काय आहे ते डोळ्यांपुढे आण. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइट, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूचं ऑक्साइड आणि दोहोंच्या मधे केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पापुद्रा. हे सगळं ज्या द्रवात भिजलेलं असतं, तो द्रव स्वतःच पेट घेणारा. पापुद्र्याला भोक पडलं किंवा एकशे तीसेक अंशांना तो वितळला, की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. मग आतली उष्णता आणखी उष्णता तयार करते, एक सेल शेजारच्या सेलला तापवतो. त्या तापात ऑक्साइडमधून ऑक्सिजनही सुटतो, म्हणून वरून पोतं टाकून ही आग गुदमरत नाही.

आता तू म्हणशील, मोबाइलमध्येही हेच असतं की. असतं, पण मोबाइलच्या बॅटरीला राखण म्हणून एक छोटं सर्किट बसवलेलं असतं. व्होल्टेज फार चढलं किंवा फार उतरलं की ते वीज तोडतं. मोटरला एका झटक्यात भरपूर करंट लागतो, म्हणून विमानाच्या पॅकमध्ये बहुधा असं सर्किट नसतंच. नुसते सेल आणि वायरी. राखण करायची ती चार्जरने आणि तू.

म्हणून चार्जर बॅलन्सवालाच हवा आणि ती पांढऱ्या टोकाची बारीक बॅलन्स लीड दर वेळी जोडायचीच. घाईत नुसती जाड वायर जोडून बॅटरी भरणारी मुलं असतात, त्यांचं बघून करू नकोस. भरलेल्या सेलची हद्द ४.२ व्होल्ट, तीन सेलची बेरीज १२.६. बॅलन्स लीड नसेल तर चार्जरला फक्त बेरीज दिसते. एक सेल ४.४ वर गेला आणि बाकीचे दोन ४.१ वर थांबले, तरी बेरीज १२.६ च येते आणि चार्जर समाधानाने चालू राहतो. तो ४.४ वाला सेल मात्र आतून बिघडत असतो. त्यात ग्रॅफाइटवर लिथियम धातूच्या रूपात साचायला लागतं.

सुरू करण्याआधी पडद्यावरचं तोंडाने वाच. प्रकार लिपो, सेल तीन, करंट २.२. तुझा पॅक २२०० मिलीअँपिअर-तासांचा आहे, म्हणून २.२ अँपिअर. याला वनसी म्हणतात, आणि पॅकवर पाचसी चार्जिंग छापलेलं असलं तरी तू वनसीवरच राहा. एक तास जातो, जाऊ दे. प्रकार चुकून निकेल-मेटल हायड्राइडचा निवडलास तर चार्जरला ४.२ ची हद्दच कळत नाही, तो रेटत राहतो. पॅक तीन सेलचा आणि चार्जर दोन दाखवतोय, असं झालं तर ‘पुढे जा’ दाबायचं नाही, वायर काढायची. चार्जरमध्ये वेळेची आणि क्षमतेची मर्यादा घालता येते, तीही घालून ठेव.

एक गोष्ट मला फार खुपते. पॅक विमानात जोडलेलाच राहिला, दोन दिवसांनी पाहिलं तर सेल दीड-दोन व्होल्टवर उतरलेले. लिपोच्या मोडवर चार्जर तो घेत नाही, मग तुमच्या विमानाच्या टीममधला कुणी सीनियर सांगतो, ‘निकेलच्या मोडवर थोडा वेळ दे, जिवंत होईल.’ होतोही कधीकधी, आणि त्यामुळेच हा उपाय पसरतो. पण सेल इतका उतरला की तांब्याचा पत्रा आतल्या द्रवात विरघळायला लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्याच जागी काट्यांसारखं साचतं. त्यातला एखादा काटा पापुद्र्यातून आरपार गेला की संपलं. हे आज होईल किंवा दहाव्या चार्जिंगला होईल. असा पॅक गेला असं समज. फुगलेला पॅकही तसाच. टोचून हवा काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नकोस. विमान नाकावर आपटलं तर पॅक लगेच सॅकमध्ये टाकायचा नाही. मोकळ्या मैदानात बाजूला ठेवून तासभर त्याच्याकडे लक्ष ठेव, कारण आतली इजा उशिराही पेटते. आणि उडवून आल्याआल्या गरम पॅक चार्जरला लावायचा नाही, आधी निवू दे.

आता जागा. सगळ्यात जास्त आग्रह माझा याच गोष्टीचा आहे. ‘पेटणार नाही’ असं धरून जागा निवडू नकोस, पेटली तर काय काय जळेल ते बघून निवड. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली आणि तिथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून गेला. ती बॅटरी तुझ्या पॅकहून कितीतरी मोठी होती. पण गादी, पडदा आणि ओढणी पेटवायला तुझा पॅकही पुरेसा आहे.

फरशीवर, गादीपासून दूर, आणि दाराच्या वाटेवर नाही. दारातच पेटलं तर बाहेर कशी पडशील? ओट्यावरच्या कडप्प्याचा मोह होईल, पण खाली सिलिंडर असतो, म्हणून तिथेही नको. नर्सरीतून मातीची मोठी कुंडी आण, तळाला कोरडी वाळू घाल, त्यात पॅक ठेव. चार्जर बाहेर फरशीवर. घट्ट झाकणाचा डबा वापरू नकोस, आतला वायू कोंडून तोच फुटेल. आग आवरायला मिळते ती लिपो बॅग घेतलीस तर चांगलंच, पण तिच्या भरवशावर उठून जाऊ नकोस. चार्जिंग चालू आहे तोवर त्याच खोलीत जागी राहा. अभ्यास कर, सोल्डरिंग कर. अधूनमधून पॅकला हात लाव. कोमट ठीक, गरम लागला किंवा फुगायला लागला तर बंद.

आणि तरीही धूर निघालाच तर? तो धूर छातीत जाऊ देऊ नकोस, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं. सहज हाताशी असेल तर भिंतीवरचं बटण बंद कर, खोलीतल्या मुलींना उठव, बाहेर पडून दार ओढून घे आणि १०१ लाव. पॅक कुंडीत असेल तर तिथेच जळू दे. लिथियमवर पाणी घालू नये असं तू ऐकलं असशील. ते शुद्ध लिथियम धातूबद्दल खरं आहे. या सेलना थंड करायला पाणीच लागतं. प्रवासी विमानात एखाद्याचा लॅपटॉप पेटला तरी त्यावर पाणी ओतायलाच सांगितलेलं असतं. फक्त आधी वीज बंद हवी, आणि आग वाढलेली असेल तर तू त्या फंदात पडायचंच नाही.

परीक्षेच्या काळात विमान उडणार नसेल तर पॅक पूर्ण भरून ठेवू नकोस, स्टोरेज मोडवर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेव. मे महिन्यात घरी येशील तेव्हा नागपूरच्या उन्हात पॅक गाडीच्या डिकीत राहू देऊ नकोस. बाद झालेला पॅक बल्ब लावून पूर्ण उतरव, टोकांना चिकटपट्टी लाव आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे. घंटागाडीत टाकलास तर पुढे कचरा दाबताना कुणाच्या तरी अंगावर पेटेल.

पॅकबद्दल जराही शंका आली तर तो वाचवायला बसू नकोस. महिन्याचा खर्च कसा भागवतेस ते मला ठाऊक आहे. नव्या पॅकचे पैसे मी पाठवीन, फक्त मला आधी फोन कर. आईला आपण नंतर सांगू.