घरी परतलेला धंदा

एके काळी हिंदुस्थानचे तलम सुती कापड सातासमुद्रांपलीकडे जात असे. एकोणिसाव्या शतकात काळ पालटला. मँचेस्टरच्या यंत्रमागांवरचे स्वस्त कापड येथील बाजारांत आले आणि असंख्य विणकरांचे माग थंडावले. पुढे १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापिली. १८५६ साली तिच्या चात्या फिरू लागल्या. हरवलेला धंदा घरी परतला खरा. परंतु विणकराच्या ओसरीवर नव्हे, गिरणीत!

कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगाराला रोख वेतन मिळे. त्यातून गावी पैसे जात, घरची चूल पेटे. तो स्वतः मात्र चाळीतील एका खोलीत अनेकांसह दाटीने राही. धंदा आला म्हणजे त्यामागोमाग सुख येतेच, असे नाही. १८८१ च्या कायद्याने मुलांचे कामाचे तास नऊ ठरविले, प्रौढांना मोकळेच सोडले. आठवड्याची सुटीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून ही गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. अखेर जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा कायद्यात आली, ती त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९११ साली.