अकरावीच्या इंग्रजी वर्गात पाऊल ठेवताना

दरवर्षी दहावीचा निकाल लागला, की शाळेच्या ओसरीवर पालक आम्हांस एकच प्रश्न विचारतात : "सर, लेकराला आता नांदेडला पाठवायचं म्हणतो. तिथलं इंग्रजी झेपेल का?" विचारणाऱ्यांत कोणी सालगडी असतो, कोणी ऊसतोडीवरून परतलेले असते, तर कोणी हळदीच्या कामातून सवड काढून आलेले असते. त्यांची काळजी रास्त आहे. येथून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन गेलेली काही मुले अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांतच इंग्रजीच्या धास्तीने खचलेली आम्ही पाहिली आहेत. ती बुद्धीने कमी नव्हती. पुढे काय आहे, हे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते. ते सांगणे आमचेच काम होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उशिरा का होईना, करीत आहोत.

दोन वाटा, एक वर्ग

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीपर्यंतच्या शिक्षणात इंग्रजीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. मराठी माध्यमाची मुले इंग्रजी ही तृतीय भाषा म्हणून शिकतात. त्यांच्या हाती 'माय इंग्लिश कोर्सबुक' असते. इंग्रजी माध्यमाची मुले तीच भाषा प्रथम भाषा म्हणून शिकतात. त्यांचे पुस्तक 'इंग्लिश कुमारभारती'. दोन्ही पुस्तकांची काठिण्यपातळी वेगळी आणि परीक्षाही वेगळी.

अकरावीत या दोन्ही वाटा एका वर्गात येऊन मिळतात. 'इंग्लिश युवकभारती' हे पुस्तक सर्वांना एकच. कुरुंद्याहून गेलेली मुलगी आणि शहरातील इंग्रजी शाळेतून आलेली मुलगी एकाच बाकावर बसतात, एकच धडा वाचतात, एकच परीक्षा देतात. आपल्या मुलीला मात्र एका उन्हाळ्यात एक संपूर्ण पायरी चढून यावे लागते. हे तिला माहीत नसेल, तर मागे पडल्याचा दोष ती स्वतःच्या बुद्धीला देते. माहीत असेल, तर ती पायरी मोजते आणि चढायला लागते.

त्या वर्गात काय शिकवतात?

अकरावीचे हे पुस्तक २०१९ मध्ये आणि बारावीचे २०२० मध्ये आले. त्यांचे चार विभाग आहेत : गद्य, पद्य, लेखनकौशल्ये आणि एक साहित्यप्रकार. हा साहित्यप्रकार अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी असा आहे. बारावीची लेखी परीक्षा ८० गुणांची असून तोंडी परीक्षेला २० गुण आहेत. लेखी परीक्षेत गद्य व भाषाभ्यासाला ३४, कवितेला १४, लेखनाला १६ आणि कादंबरीला १६ असे गुण विभागलेले आहेत.

प्रश्नपत्रिकेऐवजी हाती येते ती कृतिपत्रिका. दहावीच्या तृतीय भाषेत इंग्रजी शब्द व वाक्ये मराठीत आणण्याची एक कृती असते; बारावीत हा आधार राहत नाही. त्याऐवजी उताऱ्याचा सारांश लिहायचा असतो, कवितेचे रसग्रहण करायचे असते, एखाद्या विषयावर गटचर्चा कशी होईल ते लिहून दाखवायचे असते. पुढील शिक्षणासाठी अर्ज करताना 'मी कोण आहे आणि मला हे का शिकायचे आहे' हे सांगणारे पत्रही लिहायचे असते. ज्याच्या घरातून आजवर कोणी असा अर्ज केलेला नाही, त्या मुलाला या पत्राचे मोल अधिक आहे.

खरी अडचण शब्दांची नाही

पालकांना आणि मुलांनाही वाटते, की अडचण कठीण शब्दांची आहे. आमचा अनुभव निराळा आहे. शब्द शब्दकोशात सापडतात. मूल अडते ते 'तुझे मत काय?' या प्रश्नापाशी. उताऱ्याखालील कृतींमध्ये वैयक्तिक प्रतिसादाची एक कृती असते. तिचे उत्तर पुस्तकात नसते आणि गाईडमधले उत्तर आपले नसते.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. अनेक वर्षे आम्ही धडा मराठीत समजावून सांगितला, उत्तरे फळ्यावर लिहून दिली आणि मुलांकडून ती पाठ करून घेतली. निकाल चांगला लागला. पण मुलांना मत मांडण्याची सवय लागली नाही. ती उणीव त्यांना अकरावीत जाणवली.

एक उदाहरण घेऊ. बारावीच्या पुस्तकात ई. आर. ब्रेथवेट यांच्या 'टू सर, विथ लव्ह' या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा अंश आहे. कथेचा निवेदक ब्रिटिश गियानातून आलेला कृष्णवर्णीय अभियंता आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याने ब्रिटिश हवाई दलात सेवा केली. पण युद्ध संपल्यावर लंडनमध्ये केवळ कातडीच्या रंगामुळे त्याला अभियंत्याचे काम मिळत नाही. नाइलाजाने तो शहराच्या गरीब वस्तीतील एका शाळेत शिक्षक होतो. उद्धट मुलांना तो मारत नाही. तो त्यांना मोठ्या माणसांप्रमाणे वागवू लागतो आणि परस्परांना आदराने हाक मारण्याचा नियम घालतो. मुलांनी त्याला 'सर' म्हणायचे, मुलींना 'मिस' म्हणायचे.

आता प्रश्न येतो : या नियमाने वर्ग बदलला, असे तुम्हांस वाटते का? पाठांतरावर वाढलेले मूल येथे कथा पुन्हा सांगते. वर्गाला हवी असते ती तीन पायऱ्यांची मांडणी. पहिली पायरी मताची : नियमाने वर्ग बदलला, कारण मुलांना प्रथमच मान मिळाला. दुसरी पुराव्याची : कथेतील अमुक प्रसंगी मुले अशी वागली. तिसरी कारणाची : ज्याला मान मिळतो, तो मान राखायलाही शिकतो. याच्या नेमके उलट मत मांडले, तरी गुण जात नाहीत. पुराव्याशिवाय मांडले, तर मात्र जातात.

योग्यता असून दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. आजोबांच्या तोंडून त्यांनी ते ऐकलेले असते. म्हणून हा धडा शिकताना आपले मूल कोणाच्याही मागे नसते. सांगण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ असते. ते पुराव्यासह आणि इंग्रजीत मांडण्याचा सराव तेवढा हवा.

हा सराव आपल्या परंपरेला परका नाही. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात तथागतांनी केवळ परंपरा आहे म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा, असेच सांगितले आहे. विहारात आपण ज्याचे मराठीतून वाचन करतो, तो 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांनी मुळात इंग्रजीत लिहिला आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याही आधी, १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात, सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितेतून धरला होता. इंग्रजी ही आपल्या समाजासाठी मिरवण्याची वस्तू कधीच नव्हती. आपले म्हणणे दूरपर्यंत पोहोचवण्याचे ते साधन होते.

तयारी कशी करावी?

नववीपासून पुढील चार सवयी लावाव्यात, असे आम्ही सुचवतो.

एक, सायंकाळच्या अभ्यासिकेत रोज एक इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचावा. उच्चार चुकले तरी थांबू नये. तोंडी परीक्षेच्या २० गुणांची तयारी येथूनच सुरू होते.

दोन, शब्दवहीत शब्दापुढे केवळ मराठी अर्थ लिहू नये. त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य लिहावे. दिवसाला तीन शब्द पुरेत.

तीन, आठवड्यातून एकदा कोणत्याही विषयावर पाच वाक्यांत मत लिहावे. त्यात एकदा तरी 'आय थिंक' आणि त्यामागोमाग 'बिकॉज' आलेच पाहिजे. वसतिगृहातील जेवण, गावचा रस्ता, क्रिकेटचा सामना, कोणताही विषय चालेल.

चार, दहावीच्या सुट्टीत इंग्रजी माध्यमाची 'इंग्लिश कुमारभारती' मिळवून तिच्यातील निदान पाच धडे वाचावेत. वर उल्लेख केलेली पायरी येथेच अर्धी चढून होते.

पहिल्या चाचणीत गुण कमी पडतील. वहीवर लाल शाई दिसेल. त्याने खचून जाऊ नये. शिक्षकांना नेमके काय चुकले ते विचारावे. न विचारणाऱ्या मुलाची चूक वर्षभर तशीच राहते.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती

'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार?' असे पालक म्हणतात. आपण पुष्कळ करू शकता. लेकरू सुट्टीत घरी आले, की त्याला विचारा, 'आज काय वाचलंस? तुला काय वाटलं? का वाटलं?' त्याला मराठीत उत्तर देऊ द्या. आपले मत कारणासह सांगण्याची सवय एकदा मराठीत लागली, की ती इंग्रजीतही उतरते. मुलीच्या मताला 'तुला काय कळतं' म्हणून गप्प करू नका.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एवढेच मागणे आहे. आपल्या अकरावीच्या इंग्रजीच्या वह्या जपून ठेवल्या असतील, तर एखाद्या रविवारी त्या घेऊन या. पहिल्या चाचणीचे कमी गुण आणि वर्षअखेरचे गुण, दोन्ही पाने मुलांना दाखवा. आमच्या दहा तासांनी जो धीर येणार नाही, तो त्या दोन पानांनी येईल. पुढच्या जूनमध्ये ओसरीवर कोणी 'झेपेल का?' असे विचारील, तेव्हा उत्तर द्यायला आमच्याबरोबर आपणही असावे, अशी आमची इच्छा आहे.