आधी फोटो काढ, मग हात लाव

अगं, कीबोर्डवर चहा सांडला म्हणून एवढं तोंड पाडून बसायचं? आमच्या डीटीपीच्या टेबलावर चहा न प्यालेला एकही कीबोर्ड नाही. दुकानदार ‘नवाच घ्या’ म्हणणारच. तू रविवारी दुपारी निवांत बस आणि उघड त्याला. तुझा वायरवाला आहे म्हणून सांगतेय हं. लॅपटॉपची बटणं अशी उपसू नकोस, त्यांच्या खालच्या नाजूक कात्र्या मोडतात.

वायर काढलीस की पहिलं काम म्हणजे मोबाईलवर फोटो. ‘मला पाठ आहे’ हे तर मुळीच सांगू नकोस. मलाही पाठ होतं! धुऊन झाल्यावर गप्पांच्या नादात एम आणि एनची बटणं अदलाबदल करून बसवली. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत एनवर ल, एमवर स, आणि बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर. माझं काही अडलं नाही, बोटं कुठे खाली बघतात? आठवड्याने मी रजेवर गेले आणि माझ्या जागी बघून बघून टाइप करणारा नवा मुलगा बसला. त्याने पंचाहत्तरीच्या फ्लेक्सवर ‘सासूबाई’ बडवलं, उमटलं ‘लालूबाई’. प्रूफ वाचताना सापडलं म्हणून वाचलो.

तर बटणं. चपट्या स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळ आणि सरळ वर उचल, तिरकं नको. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांच्याखाली तार असते, तिथे दोन्ही बाजूंनी हळूहळू. खाली काय काय निघेल ते बघून शिसारी येईल तुला. केस, शेवेचे तुकडे, माझ्यात तर एकदा स्टेपलरची पिन निघाली. बटणं कोमट साबणाच्या पाण्यात टाक, चहाच्या गाळणीत धू म्हणजे एखादं मोरीत जायचं नाही. मग पोकळ बाजू खाली करून टॉवेलवर, सावलीत, रात्रभर. वरून कोरडी दिसतात, पण पोटात पाणी धरून बसतात.

पाठीमागचे स्क्रू काढ. सगळे काढूनही उघडेना तर जोर लावू नकोस, एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. आत रबराच्या घुमट्यांची चादर आणि तिच्याखाली पारदर्शक प्लास्टिकचे तीन थर. वरच्या-खालच्या थरांवर विजेच्या रेघा, मधल्याला भोकं. बटण दाबलं की घुमटी बसते, दोन रेघा भोकातून भेटतात आणि अक्षर उमटतं. चहातली साखर नेमकी इथे चिकटते. मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घे आणि टिपून घे. घासलंस तर रेघाच जातील. कडेला छोटी सर्किटची पट्टी या थरांवर दाबून बसवलेली असते. तिचा स्क्रू ढिला राहिला तर एकदम चार-पाच बटणं मुकी होतात आणि आपण उगीच चहाला शिव्या घालतो. आणि बटण अडकतं म्हणून खोबरेल तेल सोडू नकोस गं बाई. धूळ धरतं ते.

आता तुझी ती नटवायची हौस. रंगीत बटणांचा संच घ्यायचा तर मेकॅनिकल कीबोर्ड घेशील तेव्हा घे. त्यातही प्रत्येक ओळीच्या बटणाचा उतार बहुधा वेगळा असतो, वरच्या ओळीतलं खाली बसवलंस तर बोट अडखळतं. सध्या मराठी अक्षरांचे स्टिकर लाव हवे तर, पण तू टायपिंगच्या परीक्षेला बसणार आहेस ना? मग माझं ऐक आणि कोरंच ठेव. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, पंधरा दिवसांत बोटांना सापडतात. लावलेच स्टिकर, तर एफ आणि जे मात्र सोड. त्यांच्यावरचा उंचवटा झाकलास तर अंधारात चाचपडशील.

लावताना स्पेसबार सगळ्यांत आधी. तार दोन्ही खाचांत बसली की टक्क आवाज येतो. शेजारची बटणं आधी बसवलीस तर तिथे बोट जात नाही. नाहीच जमलं तर व्हिडिओ कॉल कर, नऊनंतर मी मोकळी असते.