चार ओहमचा ध्वनिक्षेपक, मीटरवर मात्र साडेतीन!

जुन्या मोटारीतून काढलेला एखादा सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्वर काढणारा मोठा ध्वनिक्षेपक, तुमच्या हाती आला आहे असे समजा. त्याच्या पाठीवर '४ ओहम' असे छापलेले आहे. तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर त्याच्या दोन अग्रांना लावता आणि आकडा येतो ३.४. आता काय म्हणाल? तार आतल्या आत चिकटली? की कारखान्याने खोटाच आकडा छापला? असे समजून चांगला ध्वनिक्षेपक भंगारात टाकणारेही असतात.

खरे म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते एकाच गोष्टीचे नाहीत, एवढेच.

ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूला मागून एक हलकी नळी चिकटवलेली असते. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. हीच व्हॉइस कॉइल. ती चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे सरकते. मल्टिमीटर आपल्या बॅटरीतून तिच्यात एकाच दिशेने वाहणारा अल्पसा प्रवाह सोडतो आणि केवळ तारेचा रोध मोजतो. गाणे वाजताना अँप्लिफायरकडून येणारा प्रवाह मात्र प्रत्यावर्ती असतो. खर्जाच्या स्वरात त्याची सेकंदाला ४० आवर्तने होतील, तर तारस्वरात हजारो. अशा प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याला 'संरोध' म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८६ साली या कल्पनेला नाव दिले. रोधाचे एकक ओहम आणि संरोधाचेही ओहमच. गोंधळ होतो तो इथे.

तारेच्या रोधात आणखी भर कशाची पडते? एक सोपा प्रयोग करून पाहा. ध्वनिक्षेपक सर्व जोडण्यांतून मोकळा करा आणि शंकूवर बोटाने हलकेच टिचकी मारा. घुमल्यासारखा आवाज येईल. आता दोन्ही अग्रे तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज दबका होऊन लगेच थांबेल. चुंबकीय क्षेत्रात हलणारी कॉइल स्वतःच एक छोटे जनित्र बनते. तिने निर्माण केलेला प्रवाह तिच्याच हालचालीला विरोध करतो. गाणे वाजतानाही हेच चालू असते. कॉइल जितकी जोरात हलेल तितका अँप्लिफायरच्या दाबाला उलट दाब मोठा, आणि तितका संरोध अधिक.

प्रत्येक ध्वनिक्षेपकाची एक नैसर्गिक कंप्रता असते. झोक्याची असते तशी. सबवूफरची ती बहुधा २५ ते ४० हर्ट्झच्या आसपास असते. त्या स्वराला शंकू मनमुराद हलतो आणि संरोध तारेच्या रोधाच्या कित्येक पट होतो. त्याहून वरच्या स्वरांना संरोध उतरून रोधाच्या थोडा वर येतो. पुढे कॉइलच्या स्वप्रवर्तनामुळे तो पुन्हा चढू लागतो. मग एवढ्या चढउतारातून छापायचा कोणता आकडा? आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार, ध्वनिक्षेपकाच्या कामाच्या पट्ट्यात संरोध छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे '४ ओहम' हे ३.२ च्या खाली न उतरण्याचे आश्वासन आहे, मोजमाप नव्हे. त्यामुळेच मीटरवर ३.४ येणे अगदी साहजिक आहे.

बरे, तो ३.४ ही कायम राहत नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. तासभर दणक्यात वाजवून कॉइल २० अंशांवरून १२० अंशांवर गेली, तर रोध ४.७ ओहमच्या घरात जाईल.

घरातले ध्वनिक्षेपक पुष्कळदा ८ ओहमचे असतात, मोटारीतले मात्र ४ चे. कारण मोटारीत बॅटरी १२ व्होल्टची. १० व्होल्ट दाब मिळाला, तर ८ ओहममध्ये १२.५ वॅट शक्ती मिळते, ४ ओहममध्ये २५ वॅट. पण प्रवाहही दुप्पट होतो, १.२५ ऐवजी २.५ अँपिअर. अँप्लिफायरवर 'किमान ४ ओहम' असे लिहिलेले असते ते याचसाठी. त्याखाली गेल्यास त्याचे ट्रान्झिस्टर तापतात, आणि जळूही शकतात.

मोजताना आधी मीटरच्या दोन सळ्या एकमेकींना टेकवा. तेव्हा दिसणारे ०.२ किंवा ०.३ ओहम नंतर वजा करा. आकडा स्थिर होईपर्यंत शंकूला हात लावू नका. लावलात तर आकडा डळमळेल. का, ते तुम्हाला आता सांगायला नको. ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला ३ ते ३.७ हा आकडा निरोगी. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे, आणि अर्धा ओहम दाखवत असेल तर वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत.

काही सबवूफरमध्ये ४ ओहमच्या दोन कॉइली असतात. त्या एकसर जोडल्या तर ८ ओहम, समांतर जोडल्या तर २. जोडणी झाल्यावर अँप्लिफायर लावण्याआधी मीटर लावा. एकसर जोडणीत ६.८ च्या आसपास आकडा येईल, समांतरमध्ये १.७ च्या. अँप्लिफायरवर 'किमान ४ ओहम' लिहिलेले असेल आणि मीटर १.७ दाखवत असेल, तर बटण दाबू नका.