‘पुढे काय?’ : शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी व आईवडिलांसाठी



आपल्या घरांतील काही मुलेमुली यंदा शेवटच्या वर्षाला आहेत. कोणी धाराशिवच्या कॉलेजात, कोणी विद्यापीठाच्या उपकेंद्रात, कोणी तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. पाहुणे आले की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ प्रश्न येतो, “पुढे काय?” उत्तर ठरलेले : “एम.पी.एस.सी. करतोय.” पुष्कळदा ते खरे असते, काही वेळा मात्र तो प्रश्न टाळण्याचा सभ्य मार्ग असतो. राज्यसेवेच्या जागा काही शेकडे, अर्ज लाखांत. पण खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ वर्षे, त्यामुळे “अजून वेळ आहे” हे वाक्य फार वर्षे पुरते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९५३ साली असे मांडले की, व्यवसाय निवडताना माणूस ‘मी कोण’ या आपल्या मनातील चित्रालाच कामाचे रूप देत असतो. ते चित्रच पुसट असेल तर निवडणार काय? म्हणून न ठरवणाऱ्या मुलाला आळशी म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

काहींना फक्त माहिती कमी पडते. ती मिळाली की ती मार्गाला लागतात. दुसऱ्या काहींना ठरवण्याचीच भीती असते. त्यांची शाखा मार्कांनी ठरवली, कॉलेज एस.टी.च्या पासाने, आणि मुलगी असेल तर उरलेले एखादे स्थळ ठरवून टाकते. ज्याने कधी काहीच निवडले नाही, त्याला एकविसाव्या वर्षी एकदम ‘आयुष्य निवड’ म्हणायचे! अशांना आणखी माहितीपत्रके देऊन उपयोग नाही.

स्वतःची ओळख नुसता विचार करत बसून होत नाही. घरे बांधता बांधताच माणूस गवंडी होतो, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे आम्ही तत्त्वज्ञान शिकताना वाचले. सुपर यांनीही साधारण १५ ते २४ हे वय चाचपणीचे मानले. तेव्हा सुटीत दोन महिने हिशेबाच्या कामाला जावे, लहान मुलांना शिकवून पाहावे. पाचारणाचेही असेच आहे. सेमिनरीत आम्हांला वर्षानुवर्षे पारखले जाते, आणि मधूनच घरी परतलेला पळपुटा ठरत नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याने किती प्रयत्न करायचे, हे घरच्यांसमोर आजच कागदावर लिहावे.

आईवडिलांनी ‘पुढे काय?’ थोडे दिवस बाजूला ठेवून विचारावे, “गेल्या महिन्यात कोणत्या कामात तुझा वेळ कसा गेला ते कळले नाही?” उत्तर “बोअरची मोटर दुरुस्त करताना” असे आले, तर हसू नये. त्या मोटरीविषयीच आणखी विचारावे.